जी. ई. रोडवर रात्र कुठे काढावी, पाणी कुठले प्यावे?

नागपूरहून निघालेला रस्ता भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग करत भिलाईत शिरतो आणि पुढे रायपूर गाठतो. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग ५३, सुरतजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलण्याआधी तो सहा क्रमांकाचा होता. दुर्ग, भिलाई आणि रायपूरचे लोक मात्र त्याला आजही इंग्रजी अमदानीतल्या नावाने ओळखतात : ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे आपला जी. ई. रोड. या रस्त्याबद्दल गेल्या काही वर्षांत बरेच लिहिले गेले, पण ते सारे चौपदरीकरण, उड्डाणपूल, टोल आणि अपघात यांच्याविषयी. प्रवाशाच्या दोन सर्वांत जुन्या गरजांचा हिशेब कोणी नीट मांडलेला नाही. रात्र झाली तर अंग कुठे टाकायचे आणि तहान लागली तर कुठले पाणी निर्धास्तपणे प्यायचे, हे दोन प्रश्न घेऊन नागपूर ते भिलाई हा अडीचशेहून अधिक किलोमीटरचा पट्टा आणि त्याला जोडलेले पुढचे-मागचे रस्ते तपासायला हवेत.

मुक्काम आणि पाणी हे रस्त्याचेच भाग आहेत, जसे डांबर आणि दुभाजक आहेत, अशी माझी भूमिका आहे. आपण रस्ता बांधला आणि हे दोन भाग कधी दात्यांवर, कधी दुकानदारांवर सोडून दिले.

पूर्वी असे नव्हते. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्रांत आणि वाटांवर धर्मशाळा, विहिरी, बारवा बांधल्या, त्या केवळ पुण्यकर्म म्हणून नव्हे. वाट चालती राहावी हा राज्यकारभाराचाच भाग होता. आपल्या या वाटेचे मराठी नातेही जुने. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून गेले आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहिला. इंग्रजांनी १८६७ मध्ये सराय कायदा केला. त्यात सराय चालवणाऱ्याची कर्तव्ये नोंदवली आहेत : खोल्या, पडव्या आणि विहिरी किंवा टाक्या साफ ठेवणे, पहारेकरी नेमणे, दरपत्रक लावणे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला माणसांच्याच नव्हे तर जनावरांच्या पाण्याचीही काळजी होती. आजच्या हायवेवरच्या एखाद्या थांब्यावर पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारून पाहा.

आता रात्रीच्या मुक्कामाचे पाहू. या रस्त्यावर सर्वांत जास्त रात्री काढतो तो ट्रकचालक. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, आणि तेव्हापासून हा रस्ता लोखंडाचा रस्ता झाला. हथखोजच्या औद्योगिक क्षेत्रात माल भरायची वाट पाहत ट्रेलर उभे असतात. भरल्यावर ते नागपूरकडे किंवा रायपूरकडे निघतात. वीस-तीस टन सळया वाहणारा माणूस लॉजमध्ये खोली घेत नाही. गाडी सोडली तर डिझेल जाते, ताडपत्री जाते, कधी माल जातो. म्हणून तो केबिनमध्येच झोपतो, नाहीतर ढाब्याच्या बाजेवर, गाडी डोळ्यांसमोर ठेवून. ढाबा हाच आपल्याकडचा खरा थांबा आहे, आणि त्याचा व्यवहार सरळ आहे : जेवण घ्या, मग बाज, पाणी, अंघोळीचा नळ आणि गाडीला जागा वेगळे पैसे न देता मिळते. सरकारी धोरणात या व्यवस्थेला नाव मिळायला फार वर्षे लागली. तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती पुरुषांसाठी आहे. लहान मुलाला घेऊन निघालेली बाई मध्यरात्री अशा ढाब्यावर उतरत नाही, आणि तिने उतरावे अशी तिथली सोयही नसते.

मोटार वाहतूक कामगारांसाठीचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असे तो सांगत असे. पण विश्रांती घ्यायची कुठे? महामार्गाच्या आराखड्यात ट्रक ले-बाय असतात. पुष्कळ ठिकाणी ते म्हणजे रुंद केलेली एक कड, जिथे दिवा नाही, नळ नाही, संडास नाही. मग ट्रक रस्त्याच्या कडेलाच लागतात. अंधारात उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून गाडी आदळली ही बातमी या रस्त्यावर नवीन नाही. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले किती झोपेने गेले याचा आकडा पोलिसांच्या तक्त्यात नीट उतरत नाही, कारण झोप मागे पुरावा ठेवत नाही. पहाटे दोन ते सहा हा शरीर हट्टाने झोप मागते तो काळ, आणि नेमक्या त्याच वेळात रस्ता मोकळा म्हणून गाड्या वेगात असतात.

सरकारने अलीकडे जे केले ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी पहिल्या टप्प्यात चालकांसाठी एक हजार विश्रामगृहांची घोषणा केली. तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या पंपांवर 'अपना घर' नावाने खाटा, स्वयंपाकाची जागा, स्नानगृहे आणि पार्किंग सुरू केले. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत साडेतीनशेहून अधिक ठिकाणी साडेचार हजारांवर खाटा झाल्या होत्या. त्याच महिन्यात रस्ते वाहतूक मंत्रालयाने 'हमसफर' धोरण जाहीर केले. जुने ढाबे, पंप आणि उपाहारगृहे यांना काही अटींवर नोंदवून घ्यायचे, त्यांच्याकडून स्वच्छ संडास, बाळासाठी खोली, अपंगांसाठी सोय, पार्किंग मागायचे आणि प्रवाशांनी 'राजमार्गयात्रा' अ‍ॅपवर त्यांना गुण द्यायचे, अशी त्याची रचना आहे. दर ४० ते ६० किलोमीटरला एक सुविधा केंद्र हे उद्दिष्टही आहे. कल्पना चांगली, कारण ती ढाब्याला हाकलत नाही, सुधारायला सांगते. पण देशभरच्या ट्रकांची संख्या लाखांत आहे. तिच्यापुढे साडेचार हजार खाटा म्हणजे सुरुवातीची सुरुवात. पंपांविषयी एक गोष्ट प्रवाशांनी लक्षात ठेवावी. पिण्याचे पाणी, संडास आणि चाकातली हवा फुकट देणे हे पंपचालकावर तेल कंपन्यांच्या नियमानेच बंधनकारक आहे. इंधन भरले नाही तरी पाणी मागायला संकोच करू नये.

रस्ता आधी आणि सोयी मागून, याचे फळ महाराष्ट्राने समृद्धी महामार्गावर पाहिले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा लांबच लांब पट्ट्यांत पंप, उपाहारगृह, स्वच्छतागृह यांची वानवा होती. शेकडो किलोमीटर सरळ, एकसुरी रस्ता आणि थांबायला जागा नाही, हे मिश्रण चालकाला गुंगीत नेते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. त्या अपघाताच्या कारणांवर वाद झाला, पण त्यानंतरच थांब्यांची चर्चा गंभीरपणे सुरू झाली. हाच महामार्ग आता भंडारा-गोंदियाकडे वाढवायचे ठरले आहे. पूर्व विदर्भात येताना त्याने तीच चूक सोबत आणू नये.

कुटुंबांचे काय? भिलाईत पन्नास-साठच्या दशकांत कारखान्यात लागलेल्या मराठी माणसांची आता तिसरी पिढी आहे. सणासुदीला, लग्नकार्याला नागपूर, अमरावती, पुणे इकडे त्यांची ये-जा चालूच असते. नागपूर एका दमात गाठता येते. प्रश्न त्यापुढचा, किंवा नागपूरहून संध्याकाळी उशिरा निघाल्यास देवरीच्या आसपास पडणाऱ्या रात्रीचा. इथे माझे मत ठाम आहे. साकोली-कोहमारा सोडल्यानंतर देवरी ओलांडून राजनांदगावच्या अलीकडे येईपर्यंतचा पट्टा रात्री थांबण्यासाठी नाही. आधी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची जंगले, मासुलकसाचा घाट, मग राज्याची सीमा आणि बाघ नदी. रात्री हा रस्ता वन्यप्राण्यांचाही असतो. तिथे गाडी कडेला लावून डुलकी घेणे ना आपल्या हिताचे, ना त्यांच्या. उशीर झालाच तर अलीकडे भंडारा किंवा साकोलीत थांबावे, नाहीतर सरळ राजनांदगाव-दुर्ग गाठावे. तिथे साधी लॉजे मिळतात. ठाकूरटोल्याच्या आणि सेंदूरवाफ्याच्या टोलनाक्यांजवळ उजेड आणि माणसांचा वावर असतो. तासाभराच्या थांब्याला ते पुरे, रात्रीच्या झोपेला नाही.

मराठी प्रवासी हॉटेलच्या आधी धार्मिक संस्थांकडे पाहतो, आणि त्याचा तो अनुभव खरा आहे. भिलाईहून पश्चिमेला निघालेल्याला अकोल्याच्या पुढे शेगावचे गजानन महाराज संस्थान हा बिनघोर मुक्काम आहे. भक्तनिवासातली स्वच्छता, सेवेकऱ्यांची शिस्त, परवडणारा दर आणि पिण्याच्या पाण्याची सोय या चारही बाबतींत खासगी हॉटेलांनी तिथून शिकावे. दुर्गजवळ शिवनाथकाठी नगपुऱ्याचे पार्श्वनाथ जैन तीर्थ आहे, भिलाई-रायपूरच्या मधे कुम्हारीला कैवल्यधाम. जैन तीर्थांतल्या धर्मशाळा आणि भोजनशाळांचा प्रघात सर्वांना ठाऊक आहे, तिथले नियम पाळले म्हणजे झाले. गुरुद्वारे तर ट्रकवाल्यांचा हक्काचा आसरा. सार्वजनिक बांधकाम खात्याची विश्रामगृहे जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आहेत, जागा मोक्याच्या आहेत, पण सामान्य प्रवाशाला तिथे खोली मिळणे म्हणजे ओळखीचा मामला. ही विश्रामगृहे रात्री नऊनंतर रिकामी राहिली तर ठरलेल्या दराने प्रवाशांना द्यावीत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

या सगळ्यात नवा आला आहे तो कॅरॅव्हॅनवाला, म्हणजे गाडीतच झोपणारा आणि गाडीतच रांधणारा प्रवासी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन धोरण आणले. खासगी किंवा सरकारी जागेवर पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाण्याची सोय करून कॅरॅव्हॅन पार्क उभारता येईल अशी त्यात तरतूद आहे. त्या धोरणाची नजर किनारा, किल्ले आणि थंड हवेची ठिकाणे यांच्याकडे अधिक आहे. विदर्भाच्या पूर्व टोकाला, जिथून नवेगाव, नागझिरा आणि पुढे छत्तीसगड सुरू होतो, तिथे अशा चार-दोन जागा आधी व्हायला हव्या होत्या. अशा गाडीला फार काही लागत नाही : सपाट जमीन, सोळा अँपिअरचा प्लग, टाकी भरायला खात्रीचा नळ आणि घाण पाणी सोडायला चेंबर. चौथ्या गोष्टीकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते, आणि मग ते पाणी जवळच्या नाल्यात जाते.

पाण्याकडे आता वळतो, कारण मुक्काम चुकला तर एक रात्र जाते, पाणी चुकले तर आठवडा जातो.

या रस्त्यावरचे पाणी सगळीकडे एकसारखे नाही, आणि ते का वेगळे आहे हे कळले तर निवड सोपी होते. दुर्ग-भिलाईच्या खाली चुनखडक आहे. नंदिनीच्या खाणीतून हाच चुनखडक पोलाद कारखान्याला जातो, जामुलचा सिमेंट कारखानाही त्याच्यावरच उभा राहिला. या खडकातून येणारे बोअरचे पाणी जड असते. डाळ शिजायला वेळ लागतो, भांड्यांना पांढरा थर बसतो. असे पाणी चवीला खटकते, पण जडपणाने कोणी आजारी पडत नाही. भिलाई टाउनशिपला तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने मरोद्याच्या तलावात येऊन, गाळून मिळते; दुर्ग आणि भिलाईच्या पालिका शिवनाथवर अवलंबून आहेत. शहरातले नळाचे पाणी क्लोरिन घातलेले असते, म्हणून प्रवासाला निघताना पिंप घरीच भरून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

पश्चिमेकडे भंडाऱ्याला चिंता वेगळी. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि गोसेखुर्दच्या फुगवट्यात साठून राहते. नदीकाठच्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. त्याहून पश्चिमेला अमरावती-अकोल्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरींचे पाणी मुळातच मचूळ, खारट. प्रवाशाने तिथे हातपंपाच्या नादी लागू नये. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते मूर्तिजापूर असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, तो याच महामार्गावर, याच पट्ट्यात. डांबराचा विक्रम जिथे होतो तिथे पिण्याच्या पाण्याचा एक सार्वजनिक, तपासलेला नळ दर पंचवीस किलोमीटरला देता आला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत गंभीर गोष्ट दक्षिणेला आहे. राजनांदगावहून अंबागड चौकीमार्गे कोरची-कुरखेड्याकडे, म्हणजे गडचिरोलीत उतरणारा आडरस्ता अनेक जण घेतात. चौकी तालुक्यातल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांतल्या भूजलात आर्सेनिक आहे. १९९९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता. हे विष कोणी कारखान्याने टाकलेले नाही, कोटरी पट्ट्यातल्या प्राचीन ज्वालामुखीय खडकांतून ते पाण्यात उतरते. पाणी निर्मळ दिसते, गार लागते, चव गोड असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एखाद्या प्रवाशाला एका पेल्याने काही होणार नाही; त्रास होतो तो वर्षानुवर्षे पिणाऱ्या गावकऱ्याला. तरीही तिथे हातपंपाऐवजी नळयोजनेचे पाणी घ्यावे. आर्सेनिक आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत. पाणी आटते, ते तिथेच राहतात आणि दाट होतात. हातपंपाला लाल रंग किंवा लाल फुली दिसली तर ते पाणी पिऊ नये.

या बाबतीत लोकांचा विश्वास चुकीच्या यंत्रावर बसलेला दिसतो. खिशातला टीडीएस मीटर हल्ली स्वस्तात मिळतो, आणि आकडा कमी आला की पाणी चांगले असे मानले जाते. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, एवढेच. त्याला जंतू दिसत नाहीत, आर्सेनिक दिसत नाही. भारतीय मानकात ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे. अडीचशेचे स्वच्छ नळाचे पाणी सोडून पन्नासच्या अनोळखी पाण्याकडे धावण्यात शहाणपण नाही. जंतूंसाठी बाटलीतला एच-टू-एस संच आहे : पाणी भरून ठेवायचे, एक-दोन दिवसांत काळे पडले तर दूषित. वाटेतल्या प्रवाशाला तेवढा धीर नसतो, पण ढाबेवाल्याला, पंपवाल्याला ही चाचणी दर महिन्याला करणे मुळीच अवघड नाही. जलजीवन मिशनखाली प्रयोगशाळा सामान्य लोकांसाठीही माफक दरात खुल्या झाल्या आहेत, गावोगावी महिलांना तपासणीचे संच हाताळायला शिकवले आहे. ज्ञान गावात पोहोचले, रस्त्यावर नाही.

विदर्भात आणि छत्तीसगडात लग्नापासून ढाब्यापर्यंत सगळीकडे थंड पाण्याचे कॅम्पर पोहोचले आहेत. ते पाणी सीलबंद नसते, म्हणून सीलबंद पाण्याचे नियम त्याला लागत नाहीत, आणि या फटीतून सगळा धंदा चालतो. आर.ओ. मशीन चांगले असेलही. कॅम्पर धुतला होता का, झाकणाखाली कोणाचा पेला बुडाला, हे कोण पाहणार? माझी पसंती स्पष्ट आहे : कॅम्परपेक्षा नळ, नळ नसेल तर सीलबंद बाटली, आणि बाटली घेताना सील, तारीख व अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहावा. प्राधिकरणाने २०२४ मध्ये बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत घातले, ते योग्यच झाले. काहीच नसेल तर एक मिनिटभर खळखळून उकळलेले पाणी, किंवा वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे टाकलेली क्लोरिनची गोळी आणि अर्धा तास वाट. बहुतेक जंतूंपुरते हे दोन्ही उपाय पक्के आहेत.

आणि तरीही याच रस्त्यावर दरवर्षी, ठरलेल्या दिवसांत, पाणी आणि मुक्काम दोन्ही व्यवस्थित मिळतात. नवरात्रात दुर्ग, भिलाई, राजनांदगावहून डोंगरगडच्या बम्लेश्वरीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. रस्त्याची एक बाजू पदयात्रींसाठी राखली जाते, ठिकठिकाणी मंडप पडतात, चहा, नाश्ता, गार पाणी, पाय चेपायला तेल, पाठ टेकायला सतरंजी. मध्यरात्री मुली आणि म्हाताऱ्या बायका निर्धास्त चालतात, कारण उजेड असतो आणि दर थोड्या अंतरावर माणसे असतात. हे सारे लोक स्वतःच्या खिशातून करतात, प्रशासन वाहतूक सांभाळते. जे नऊ रात्री जमते, ते उरलेल्या रात्री का जमू नये, याचे उत्तर पैशांत नाही. त्या नऊ रात्री प्रवासी हा पाहुणा असतो. एरवी तो फक्त टोल देणारा.

२०२५ च्या ऑक्टोबरात महामार्ग प्राधिकरणाने टोलनाक्यावरच्या घाण संडासाचा फोटो पाठवणाऱ्याला फास्टॅगमध्ये हजार रुपये देण्याची मोहीम चालवली. पाण्यासाठीही तसेच काही करता येईल, आणि त्याला बक्षीससुद्धा लागणार नाही. प्रत्येक टोलनाक्यावर, सुविधा केंद्रावर आणि पंपावर एक फलक लावायचा : पाणी कुठून येते, टाकी शेवटची कधी धुतली, शेवटची तपासणी कधी झाली आणि निकाल काय आला. फलकावरच्या चार ओळी हिंदीत आणि मराठीत लिहिता येतात. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव आणि रायपूरच्या मराठी मंडळांनी हे आपल्या खासदार-आमदारांकडे लेखी मागावे. आणि प्रवासात पाणी मिळाले नाही, उजेड नाही, ट्रक अंधारात उभा दिसला, तर गप्प पुढे जाऊ नये. महामार्गाचा १०३३ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावर तक्रार नोंदवावी.